आमच्या गल्लीत गाडी पलटत नाही

लातुरात आम्ही राहतो ती गल्ली ड्रायव्हर लोकांची. कुणी ट्रकवर, कुणी टेम्पोवर, कुणी ट्रॅव्हल्सच्या बसवर, आणि ज्यांच्या हाती अजून स्टिअरिंग आलं नाही ते क्लीनर. हिंदूंची घरं आहेत, मुसलमानांची आहेत, भिंतीला भिंत लागून. सण वेगळे, देव वेगळे, पण एका बाबतीत सगळ्या गल्लीचा धर्म एकच आहे. गाडी पलटी झाली असं इथे कुणी म्हणत नाही. गाडी 'बसली' म्हणायचं.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने लागलेली मास्तरीण होते. समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द पोरांकडून घोकून घेणारी बाई. पहिल्याच आठवड्यात नळावर बोलून गेले, की औशाच्या रस्त्याला कुणाचा तरी ट्रक पलटी झालाय म्हणे. शेजारच्या खालांनी, साऱ्या गल्लीच्या मावशीच त्या, हातातली घागर खाली ठेवून माझ्या तोंडावर ओला हात दाबला.

"तोबा, तोबा. दुल्हन, बसला म्हन. बसलेली चीज उठती. त्या दुसऱ्या लफ्जाला उठनं न्हाई."

मला हसू आलं होतं. मग वाटलं, हसायचं काय त्यात? बांगडी फुटली तर आपण 'वाढली' म्हणतोच की. दिवा विझवत नाही, शांत करतो. ज्याची भीती त्याचं नाव घ्यायचं नाही, ही आपली जुनी खोड. मीही 'बसली' म्हणायला लागले आणि थोड्याच दिवसांत ते मला खटकेनासं झालं. पुढे आमच्याच घरावर ती वेळ आली तेव्हा तर 'पलटी' हा शब्द घरातून कायमचाच गेला.

माझ्या नवऱ्याला घरात आणि गल्लीत सगळे आण्णा म्हणतात. मीही इथे तेच म्हणते. आण्णा लातूर-नांदेड मार्गावर एका खासगी मालकाची बस चालवायचे. आमची लेक बालवाडीत होती तेव्हा एका संध्याकाळी लोह्याच्या अलीकडे त्यांची गाडी बसली. एक म्हातारी गेली. आण्णांचा हात मोडला. चौकशी झाली, त्यात त्यांची चूक निघाली नाही. पण दवाखान्यातून आले ते पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला लागले. त्या दिवसाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाला सांगत आले. इतकं झाकलं, की टीव्हीवर कुणा पुढाऱ्याने पलटी मारल्याची बातमी आली तरी आण्णा चॅनल बदलतात. हल्लीच्या दिवसांत म्हणजे आमच्याकडे बातम्या लागतच नाहीत म्हणा ना!

आणि अशा घरातली लेक निघाली पायलट.

लातुरात पोरगी हुशार असली की तिने डॉक्टरच व्हायचं, असा इथला कायदा. हिने बारावी होताच सांगितलं, मला विमान चालवायचंय. मी आकांडतांडव केलं. आण्णा मात्र हसले. म्हणाले, "महा बाप बैलगाडी हाकायचा, म्या बस हाकली. आमच्या घराण्याला पुढं बसायचा रोगच हाय. जाऊ दे तिला." प्लॉट विकला, शिष्यवृत्ती मिळाली, बँक पावली, ते रामायण इथे नको. आता ती मोठ्या प्रवासी विमानावर को-पायलट आहे. गल्लीतल्या बायका आभाळात आवाज आला की मला हाक मारतात, "बाई, तुमची पोरगी चालली बघा." ती असते कुठे गुवाहाटीला, पण मी वर बघून घेते.

मागच्या हिवाळ्यात ती न कळवता घरी आली.

"सुट्टी हाय का?" मी विचारलं.

"हाव."

"किती दिवस?"

"बघू."

'बघू' ही कसली सुट्टी? मी शाळेत जन्म घालवला, मला पोरांचं तोंड वाचता येतं. ताटातली भाकरी कुस्करत बसायची. फोन वाजला की नंबर बघून उलटा ठेवायची. मी विचारलं की 'काही न्हाई आई'. मला वाटलं, प्रेमाचं काही प्रकरण असेल. देवाला म्हटलं, तसलंच असू दे.

एका सकाळी आम्ही अंगणात उन्हाला बसलो होतो. आण्णा पेपर वाचत होते. खाला मोबाइल नाचवत आल्या. त्यांचा नातू त्यांना काय काय पाठवतो आणि त्या ते सगळ्या गल्लीला दाखवत फिरतात.

"बेटी, ये देख. इत्तं मोठं इमान, मान्सं न्यायचं, आन् हवेत कलाबाजी खातंय. तुझं बी खातं का गं?"

आम्ही तिघी त्या मोबाइलवर वाकलो. खरंच, एक भलंमोठं प्रवासी विमान हवेत कुशीवर वळलं, मग पाठीवर आलं, पोट आभाळाकडे, आणि पुन्हा सरळ होऊन निघून गेलं. मी 'अगं बाई' म्हणून मागे सरले. लेक मात्र आठवड्यात पहिल्यांदा हसली.

"हे कॉम्प्युटरवर केलेलं हाय, खाला. खोटं हाय."

"मंग येत न्हाई म्हन की त्याला."

"येतं ना. तीच तर गंमत हाय. थांबा."

तिने नळाखालची छोटी बादली घेतली, अर्धी भरली, ओढणी कमरेला खोचली आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून बादली खांद्यातून गोल गोल फिरवायला लागली. बादली डोक्यावर उलटी होत होती, पण पाण्याचा थेंब सांडत नव्हता. खालांनी तोंडाला पदर लावला.

"फिरवायचा जोर पाण्याला बुडाशी दाबून धरतो," लेक म्हणाली. "मोठं विमान बी असं बेतानं गोल फिरवलं तर आत बसलेल्याला आपण उलटे झालो ते कळायचं सुद्धा न्हाई. पूर्वी एका पायलटानं नव्या जेटची चाचणी करताना केलतं म्हणे आसं. विमानाला काही झालं न्हाई, पण त्याला वरच्यांची बोलणी खावी लागली."

"कामून? जमलं तर हाय त्याला."

"जमतं म्हणून करायचं नसतं, खाला. हत्तीला सर्कशीत स्टुलावर उभं राहता येतं. म्हणून वरातीत उभा करतात का कुणी? लढाऊ विमान त्यासाठीच बनवलेलं असतं. हे लोकांना न्यायला बनवलेलं. थोडं चुकून नाक खाली गेलं, की एवढं जड धूड, वेग असा सुटतो! मग घाबरून खेचलं तर पंखाला झेपत न्हाई."

बोलता बोलता तिचा हात मंदावला आणि डोक्यावर आलेल्या बादलीतलं पाणी सगळं तिच्याच अंगावर आलं. खाला पोट धरून हसल्या. मीही हसले.

तेवढ्यात आण्णांनी पेपर खाली केला. इतका वेळ ते ऐकत होते हे आम्हाला कळलंच नव्हतं.

"म्हंजी," ते हळूच म्हणाले, "इमान बी बसतं का?"

साधा प्रश्न होता. बापाने काळजीने विचारलेला. पण लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बादली खाली टाकली, ओल्या अंगाने घरात गेली आणि दार लावून घेतलं. आतून हुंदक्यांचा आवाज यायला लागला. खाला माझ्याकडे बघत राहिल्या, आण्णा आपल्या पेपरकडे.

मग तिने मला सांगितलं. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, डोकं पुसत.

त्यांना दर सहा महिन्यांनी एका खोट्या विमानात बसवून परीक्षा घेतात. पायांवर उभी असलेली एक बंद खोली, आत सगळं खऱ्या विमानासारखं, समोर पडदा. त्यात एक धडा असतो, तो नेमका हाच: विमान कशानेतरी कलंडलं, पाठीवर गेलं, तर सरळ कसं करायचं. ज्याच्या हातात विमान असतं त्याला मान खाली घालून डोळे मिटायला सांगतात. तेवढ्यात परीक्षक विमान वाकडं करून ठेवतो. दुसऱ्याने बघून काय झालंय ते मोठ्याने सांगायचं आणि पहिल्याने डोळे उघडून सावरायचं. त्या दिवशी डोळे मिटले होते साताऱ्याकडच्या एका कॅप्टनने. आणि बघून सांगायचं होतं आमच्या लेकीने.

"समोर जमीन वर आली, आई. आभाळ खाली. मला सगळं म्हाईत हाय, काय बोलायचं ते पाठ हाय. इंग्रजीत दोन शब्द. अन् माझ्या तोंडातून निघालं, बसलं! बसलं!"

मी ओटा धरला.

"त्यांना वाटलं, बसलं म्हंजी जागेवर बसलं. स्थिर झालं. ते सावरायला लागलतेच, निम्मं सरळ केलं होतं, ते मधीच थांबले. एवढ्यात जमीन आली. पडदा लाल झाला."

परीक्षकाने नंतर विचारलं, तू काय म्हणालीस? त्याला ती काय सांगणार? आमच्या गल्लीत जे पलटतं त्याला बसलं म्हणतात, हे इंग्रजीत सांगून कुणाला पटेल? दोघंही नापास झाले. कॅप्टन पुन्हा परीक्षा देऊन दोन दिवसांत मोकळा झाला. तिला पंधरा दिवसांनी बोलावलं होतं, दुसऱ्या कुणाबरोबर. ती शेवटची संधी. त्यात पुन्हा तेच झालं तर विमानातून खाली.

"मग इंग्रजी घोक ना," मी म्हणाले. माझा शाळेतला उपाय.

"घोकून आले, आई. आरशापुढं उभी राहून घोकते. पण घाबरल्यावर तोंडात इंग्रजी येत न्हाई. घरचंच येतं. अन् घरात तर तो शब्दच न्हाई." मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "खऱ्या विमानात मागं दोनशे लोक असतात गं."

मला त्या क्षणी इतका राग आला, की समोर पडलेलं लाटणं मी भिंतीवर मारलं. कुणाचा राग, ते सांगता येणार नाही. खालांच्या ओल्या हाताचा, आण्णांच्या गप्प बसण्याचा, या गल्लीचा. आयुष्यभर शब्द शिकवले मी, आणि माझ्याच लेकीच्या तोंडात ऐन वेळी खोटा शब्द आला.

मी ठरवलं, घरात आता तो शब्द बोलायचा. मी तिला म्हटलं, म्हण, पलटी. ती म्हणाली. मी म्हणाले. आम्ही दोघी मायलेकी भाकरी थापता थापता तो शब्द शंभरदा बोललो. पण त्याचा उपयोग होईना. नुसता बोलला की तो कोरडा वाटायचा, पाढे म्हटल्यासारखा. ती म्हणाली, "आई, मला आण्णांच्या तोंडून ऐकायचंय. त्यांच्याबरोबर झालेलं. मी लहानपणापासून त्याच्या भोवतीनं चालते. मला एकदा मधून जायचंय."

तिने बापाला विचारलं. अगदी लाडीगोडीने, पाय चेपता चेपता. आण्णा म्हणाले, "मला काही आठवत न्हाई." आणि चप्पल घालून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग ते जेवायलाही आमच्याबरोबर बसेनात. खालांना काय ते कळलं असावं. त्या मला नळावर म्हणाल्या, "बाई, मर्दाच्या जखमेवरचा पट्टा नका काढू. आत काय हाय ते खुदाला म्हाईत."

"आन् पोरीची नोकरी गेली तर?"

"नोकरी गेली तर दुसरी मिळंल."

खाला वाईट बोलल्या नाहीत. गल्लीतल्या दोन पोरांना त्यांनी असंच पदराखाली घेऊन वाढवलंय. पण मला तेव्हा त्यांचंही ऐकवेना.

तिची निघायची वेळ जवळ आली तशी मी फुटले. दुपारची वेळ होती. आण्णा दुकानातून जेवायला आले होते. मी ताट वाढलं नाही.

"पोरीला खाली उतरवतील," मी म्हणाले, "तुमच्या एका शब्दापायी. तुम्ही तोंड दाबून बसलात, आम्ही बी बसलो. काय मिळालं त्यात? एवढी वर्षं तुम्हाला झोप लागली का धड? मी शेजारी असते, मला म्हाईत हाय. आता तिच्या मागं बी हेच लावून देणार हाव का?"

माझा आवाज गल्लीत गेला असेल. आण्णांनी मान वर केली नाही. लेक दारात उभी होती. मग आण्णा उंबऱ्याजवळच्या पायरीवर टेकले आणि लेकीला म्हणाले, "बस हितं."

त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते. त्यात माझं काही घालायची माझी हिंमत नाही.

"दिवस मावळला व्हता. लोह्याच्या अलीकडं वळन हाय. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं ट्रॉल्या. दिवा न्हाई. म्या स्टिअरिंग ओढलं. डाव्या अंगाची चाकं रस्त्याखाली गेली. आन् गाडी..."

ते थांबले. मोडलेला हात चोळायला लागले. मला वाटलं, पुरे, नको आता. पण लेकीने त्यांचा हात धरला आणि विचारलं, "आन् गाडी काय, आण्णा?"

"गाडी पलटी झाली."

आण्णांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा उंबऱ्यावर पडला. आकाश कोसळलं नाही. शेजारी खालांच्या घरातला रेडिओ तेवढा बंद झाला.

"लोक टपावर पडले. टप म्हंजी आता जमीनच. हॉर्न दबून बसला व्हता, वाजायचा थांबंना. मह्या मागच्या शीटवर एक म्हातारी व्हती. लेक बाळंत झालती तिची, तिकडं निघालती. मांडीवर डिंकाच्या लाडवाचा डबा. सारखी इच्यारायची, लेकरा, आलं का मह्या लेकीचं गाव? म्या म्हनायचो, आलंच मावशी, बसून ऱ्हावा. वळनाच्या आधी बी तिनं इच्यारलं. म्या म्हनलं, आलंच. म्या मागं वळून बी न्हाई बघितलं. मंग सगळे लाडू मह्या अंगावर आले. म्या तिला हाका मारल्या. मावशी, मावशी. लाडू हाताला लागायले, ती लागंना."

लेक रडत नव्हती. टक लावून बापाच्या तोंडाकडे बघत होती.

"तिच्या घरी गेलात का कधी?" तिने विचारलं.

"मालक म्हनला, जाऊ नको, लोक मारतील. तव्हा हात गळ्यात व्हता. मंग पोलीस, कोर्ट. मंग... मंग न्हाईच गेलो. कोन्या तोंडानं जाऊ?"

"आण्णा, परत म्हणा. गाडी काय झाली?"

"पलटी झाली."

"परत."

"पलटी झाली, पलटी झाली, पलटी झाली!" आण्णा ओरडले. मग त्यांनी पंच्याने तोंड झाकून घेतलं. मी इतक्या वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या आईच्या सरणावरही नाही. मी पाणी आणायला आत गेले आणि माठाजवळच उभी राहिले. आपण हे काय करून बसलो, असं मला झालं. पोरीसाठी बापाला सोलून काढलं मी.

दुसऱ्या दिवशी लेक गेली. जाताना बापाच्या पाया पडली, आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर दिली नाही. त्यानंतर त्यांनी एक चमत्कारिक खूळ घेतलं. दुकानातून आले की पायरीवर बसायचे आणि कुणी विचारो न विचारो, सांगायचे. दूधवाल्याला सांगितलं. लाइटचं बिल वाटणाऱ्याला सांगितलं. "लोह्याच्या अलीकडं मही गाडी पलटी झालती." माणसं अवघडून हो हो म्हणत सटकायची. मी एकदा म्हणाले, आता पुरे की. तर म्हणाले, "तूच झाकण उघडलंस. आता उतू चाललंय तर बघ."

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी देवापुढे दिवा लावला. माझा तसा फार विश्वास नाही, पण हात जोडायला कुणीतरी लागतं. आण्णा अंघोळ करून पांढरा सदरा घालून तयार. मला वाटलं, देवळात चाललेत.

"येतो जरा जाऊन," म्हणाले.

"फोन घेऊन जावा. तिचा फोन येईल."

"घेतलाय."

दुपारपर्यंत त्यांचा पत्ता नव्हता. दुकानातून माणूस येऊन गेला, आण्णा आज आले नाहीत म्हणाला. मी आतबाहेर करत होते. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून घड्याळाकडेच बघत होते. पोरीचं काय झालं असेल, या एका विचाराने मला बापाचं काय ते सुचलंही नाही. खाला दोनदा चहा घेऊन आल्या आणि दोन्ही वेळा माझ्याजवळ बसून राहिल्या.

फोन आला तेव्हा मी तो उचलायच्या आधीच रडायला लागले होते.

"आई, झाले पास!"

"काय म्हणालीस? तोंडातून काय निघालं?"

ती हसत सुटली. "जमीन वर आली, अन् मी एवढ्या जोरात ओरडले, पलटलं! पलटलं! मग लगेच इंग्रजीत. शेजारचा कॅप्टन होता केरळचा. त्याला कळलं न्हाई पण त्यानं दणक्यात सरळ केलं. परीक्षकानं इच्यारलं, आधी काय म्हणालीस? मी म्हटलं, सर, नंतर जे म्हणाले तेच. आण्णांना दे ना फोन. मला त्यांनाच सांगायचंय."

"ते बाहेर गेलेत. मी सांगते त्यांना. तू आधी काहीतरी खाऊन घे."

खाला मला मिठी मारून रडल्या. मग त्यांनीच आठवण केली, "आण्णाला लाव फोन, बाई. बाप हाय तो." मी लावला. किती तरी वेळ वाजत राहिला. उचलला तेव्हा मागे कोंबड्यांचा आवाज येत होता आणि कुणीतरी भांडी घासत होतं. लातुरातल्या देवळातला तो आवाज नव्हता.

"कुठं हाव तुम्ही? अहो ऐका..."

"लोह्याच्या अलीकडं," आण्णा म्हणाले. आवाज खोल गेलेला. "गाव हुडकत आलो. तिच्या लेकीच्या घरी बसलोय. त्या बाळंतिणीच्या. तव्हाचं पोर आता कॉलेजला जातंय."

"काही म्हणाले का ते लोक तुम्हाला?"

"न्हाई. शिवी द्यायला पायजे व्हती. दिली न्हाई." ते थांबले. "ती म्हनली, लई वाट पाहिली तुमची. म्हनली, तुमीच तेवढे व्हतात मायजवळ. माय शेवटी काय बोलली ते कुणाला इच्यारावं? तुमी याल, तुमी याल म्हनून एवढी वर्षं..."

मागचा भांड्यांचा आवाज थांबला होता. बहुतेक ती बाई तिथेच उभी असावी.

खाला मला खुणा करत होत्या, सांग, सांग ना पोरीचं. पोरगी पास झाल्याचं माझ्या अगदी ओठांवर होतं. ते मी गिळलं.

"मावशी शेवटी काय बोलल्या, ते सांगितलं का तुम्ही तिला?" मी विचारलं.

"अजून न्हाई."

"सांगा," मी म्हणाले. "सगळं सांगा. आन् त्यांनी ताट केलं तर नको म्हणू नका. जेवून या."